सतरा नंबरच्या शाखेचं विशेष

मुख्य ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला वळसा घालून मागे गेलं की एक अरुंद खोली लागते. पूर्वी तिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी चालायची. ती बंद होऊन जमाना झाला, तरी भिंतींना अजून खळीचा वास येतो. या खोलीत गेली एकवीस वर्षं पत्रकबाई बसतात. त्यांना खरं नाव आहे, हजेरीपटात ते रोज सकाळी नीट लिहिलंही जातं. पण तेवीस शाखांमध्ये त्या नावाने चौकशी केलीत तर लोक नुसते बघत राहतील. "पत्रकबाई" म्हणालात की लगेच, "हां हां, त्या होय!"

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी 'शाखावार्ता' नावाचं चार पानी पत्रक निघतं. ते वाचकांसाठी नसतं, फक्त कर्मचाऱ्यांसाठी असतं. कोण निवृत्त झालं, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुठल्या कपाटाला वाळवी लागली, तारखेचे नवे शिक्के कधी मिळणार, असल्या बातम्या. शेवटच्या पानावर 'पुस्तकात सापडलं' हे सदर. परत आलेल्या पुस्तकांतून काय काय निघतं म्हणून सांगू! बसची तिकिटं, वाळलेली पानं, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि एकदा एका जाडजूड कादंबरीतून चांगला इस्त्री केल्यासारखा चपटा झालेला पायमोजा. सगळे कर्मचारी पत्रक मागच्या पानावरूनच वाचायला घेतात हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, कारण त्या स्वतःही तेच करायच्या.

बातम्या गोळा व्हायची एक रीत होती. ग्रंथालयाची गाडी आठवडाभर शाखाशाखांतून फिरे आणि निळ्या पेट्यांमधून पुस्तकांची ने-आण करी. महिन्याच्या शेवटच्या खेपेला प्रत्येक पेटीत वरच एक पिवळी चिठ्ठी असायची. तिच्यावर छापलेलं असे, 'या महिन्यातील विशेष', आणि खाली चार रेघा. त्या रेघांवर जे येईल ते बाई नीटनेटकं करून पत्रकात घालत.

तेवीसपैकी एकवीस शाखा बाईंनी डोळ्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या. पण त्यांना विचारा! आठ नंबरची चिठ्ठी नेहमी ओलसर, म्हणजे तिथलं टेबल नळाजवळ. तेरा नंबरच्या अक्षराचा शेवट दर वेळी खाली घसरलेला, म्हणजे तिथला ग्रंथपाल उभ्याउभ्या लिहितो, आणि ज्याअर्थी उभ्याने लिहितो त्याअर्थी खुर्ची एखाद्या म्हाताऱ्या वाचकाला दिलेली असणार. चिठ्ठी हातात घेऊन बाईंची अशी तंद्री लागायची. दुपारी खोलीच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा टेबलावर यायचा, चिठ्ठ्या त्यात पिवळ्याजर्द दिसायच्या, आणि बाई एका शाखेतून निघून दुसऱ्या शाखेत, दुसरीतून तिसरीत अशा हिंडत राहायच्या. चहा गार व्हायचा. कुणी दारात येऊन खाकरलं की त्या भानावर येत आणि म्हणत, "काही नाही, चिठ्ठ्या लावत होते."

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई रुग्णालयात परिचारिका होती, आता घरी असे. जन्मभर रुग्णांना "आज कसं काय?" विचारण्याची सवय, ती काही जाईना. संध्याकाळी बाईंनी चपला काढल्या की मटार सोलता सोलता ताई विचारायची, "काय गं, आज काय विशेष?"

"विशेष काही नाही," बाई म्हणायच्या आणि हातपाय धुवायला जायच्या. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. ताईने विचारणं सोडलं नव्हतं आणि बाईंनी उत्तर बदललं नव्हतं.

आता सतरा नंबरकडे येऊ.

सतरा नंबरची शाखा म्हणजे गाडीचा शेवटचा थांबा. एक खोली, एक ग्रंथपाल. त्यांना सगळे सतरावाले म्हणत. त्यांचं अक्षर सरळ, टपोरं, कुठे घसरणं नाही की डाग नाही. आणि त्यांच्या चिठ्ठीवर दर महिन्याला एकच ओळ असे: 'विशेष काही नाही.' बाकीच्या तीन रेघा रिकाम्या.

अडीच वर्षांपूर्वी एक नियम निघाला. ज्या शाखेचं सलग तीन महिने काही विशेष नसेल, तिचं नाव 'निष्क्रिय' या यादीत टाकायचं. निष्क्रिय म्हणजे पुढे ती शाखा शेजारच्या शाखेत विलीन होणार, म्हणजे सरळ भाषेत दाराला कुलूप लागणार. ही यादी करायचं काम साहजिकच पत्रकबाईंकडे आलं, कारण चिठ्ठ्या त्यांच्याकडे. दोन महिने सतरा नंबरची चिठ्ठी आली ती तशीच. तिसऱ्या महिन्यात बाईंनी पेटी उघडली. चिठ्ठी उचलली. 'विशेष काही नाही.'

बाई जन्मात कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. नाकासमोर चालणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं. मग त्यांनी संगणकावर सतरा नंबरच्या खाली एक ओळ लिहिली: 'या शाखेत खिडकीजवळ वाचकांसाठी एक बाक ठेवण्यात आला आहे.' लिहून झाल्यावर त्यांना तो बाक दिसला. लाकडी, जरासा उतरत्या पाठीचा. त्यावर कुणीतरी चष्मा विसरून गेलं होतं.

एकदाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण तीन महिन्यांनी पुन्हा तीच गत. मग त्या बाकाशेजारी एक करडी मांजर आली आणि परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीवर झोपू लागली. त्यानंतर दर बुधवारी दुपारी, नजर अधू झालेल्या वाचकांना मोठ्याने पुस्तक वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे पुढे बाई तीन महिन्यांची वाटही बघेनात. त्या खोलीत त्यांचं जाणं-येणं वाढलं होतं. आणि एका फारच निवांत दुपारी त्यांनी लिहून टाकलं: 'ही शाखा पाण्याकाठी असल्याने दुपारच्या वेळी पाण्यावरचं ऊन छतावर हलत असतं, आणि वाचक पुस्तक मिटून वर बघत बसतात.'

सतरावाल्यांकडून ना तक्रार आली, ना खुलासा. चिठ्ठी मात्र बिनचूक यायची: 'विशेष काही नाही.'

खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, गाडी चालवणारे मामा. ते दर आठवड्याला तिथे जात. पण बाईंनी मामांना कधी विचारलं नाही. उलट मामा "परवा सतरा नंबरला काय झालं माहितीये का" असं म्हणायला लागले की बाईंना नेमकं काहीतरी आठवायचं आणि त्या लगबगीने आत जायच्या. त्यांना कळून घ्यायचंच नव्हतं.

मग ग्रंथालयाला नव्या संचालक आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बोलणं कमी, आवाज हळू, आणि बघणं असं की समोरच्याला आपल्या शर्टाचं बटण लागलंय ना ते चाचपून पाहावंसं वाटे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर एक मोठा नकाशा लावला आणि तेवीस शाखांच्या जागी तेवीस लाल टाचण्या टोचल्या. त्यानंतर एका सोमवारी त्यांनी पत्रकबाईंना वर बोलावलं.

मॅडमसमोर 'शाखावार्ता'चे अंक ठेवलेले होते. त्यात ठिकठिकाणी कागदाच्या खुणा घातलेल्या.

"सहा-सात शाखा विलीन कराव्या लागणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी आकडे पाहिले. सतरा नंबरचे आकडे फार बरे नाहीत. पण तुमचं पत्रक वाचलं तर वाटतं, तिथे जाऊन राहावं."

"हो का," एवढंच त्यांना सुचलं.

"बाक आहे, मांजर आहे, बुधवारचं वाचन आहे. आणि हे पाण्यावरचं ऊन." मॅडम उठून नकाशापाशी गेल्या. एका टाचणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी नीट शोधलं. इथे जवळपास मला पाणी काही सापडलं नाही. नदी नाही, तळं नाही, डबकंसुद्धा दाखवलेलं नाही."

"नकाशा जुना असेल," बाई म्हणाल्या. आणि आपण हे बोललो याचंच त्यांना नवल वाटलं.

"असेलही. म्हणून स्वतःच बघते. या बुधवारी मी गाडीतून जातेय. तुम्ही पण चला. जे तुम्ही लिहिलंय ते तिथे असेल तर शाखा राहील. नसेल तर मला यादीत नाव घालावं लागेल, आणि पत्रकाचंही बघावं लागेल."

बाई जिना उतरल्या त्या कशा उतरल्या, त्यांनाच ठाऊक. आपली नोकरी गेली तर ताईला काय सांगायचं, हा विचार मनात आला आणि गेला. सारखा डोळ्यांपुढे येत होता तो सतरावाला. त्या बिचाऱ्याने कधी चकार शब्द खोटा लिहिला नव्हता. आता त्याच्या रिकाम्या खोलीत उभं राहून मॅडम विचारणार, बाक कुठाय? आणि तो मान खाली घालणार, आपण न केलेल्या अपराधासाठी. हे सगळं आपण केलं.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "काय गं, आज काय विशेष?"

"विशेष काही नाही," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी हातपाय धुतले आणि पुन्हा एकदा धुतले.

मंगळवारी त्या ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात गेल्या. मामा पेट्या गाडीत चढवत होते. बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत.

"काय बाई, काही विचारायचंय का?" मामांनी विचारलं.

"नाही, विशेष काही नाही," बाई म्हणाल्या, आणि परत फिरल्या.

बुधवारी मॅडम पुढे मामांच्या शेजारी बसल्या. बाईंना मागे पेट्यांमध्ये जागा मिळाली, एका उलट्या ठेवलेल्या पेटीवर. गाडीच्या मागच्या दाराला वीतभर काच होती. तिच्यातून रस्ता मागे मागे जाताना दिसत होता, घरं, कुंपणं, वाळत घातलेले कपडे, आणि सगळं हळूहळू लहान होत होतं. आत जुन्या कागदाचा उबदार वास दाटला होता. पेट्या एकमेकींवर हलकेच आपटत होत्या. बाईंचे डोळे जडावले. एरवी त्यांनी लगेच सतरा नंबरला जाऊन बाकावर बैठक मारली असती. आज त्यांनी ठरवलं होतं, पोहोचायच्या आत मॅडमना सगळं सांगून टाकायचं. त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागल्या. मॅडम, तिथे बाक नाही. तसं म्हटल्याबरोबर कुणीतरी बाक उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला. मॅडम, मांजर नाही. मांजर उठली, अंग ताणलं आणि दाराबाहेर गेली. बुधवारचं वाचन नाही. म्हातारी माणसं एकेक करून काठ्या टेकत निघाली. एकीने तर वळून बाईंकडे पाहिलंही. शेवटी नुसत्या भिंती राहिल्या, आणि छतावरचं ते हलतं ऊन. ते बाहेर काढायला बाईंची जीभ रेटेना.

तेव्हा त्यांना कळलं, आपण पकडले जाऊ म्हणून आपण घाबरलेलो नाही. आपल्याला ती खोली गमवायची नाही. अडीच वर्षं सगळ्या दुपारी त्या तिथेच तर राहत होत्या. बाईंना एकदम रडू आलं. त्यांनी रुमाल काढेपर्यंत गाडी थांबली.

मामांनी मागचं दार उघडलं. रस्त्याच्या कडेला एक बैठी इमारत, दोनच गाळ्यांची. एका गाळ्यावर टायर-पंक्चर दुरुस्तीची पाटी, दुसऱ्यावर ग्रंथालयाची. पाणी कुठेच नव्हतं. धूळ मात्र हवी तेवढी होती. मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्या आत शिरल्या. बाईंचे पाय उंबऱ्यापाशी अडले. आतून एक आवाज येत होता, एकसुरी, गाड्यांच्या वेळा सांगतात तसा. कुणीतरी वाचत होतं. जहाज बंदर सोडतंय, काठावरचे लोक हात हलवतायत, असं काहीसं.

बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि आत पाऊल टाकलं.

खिडकीजवळ बाक होता. पाठ उतरती नव्हती, सरळ होती, आणि रंग हिरवा होता. बाकावर तीन, खुर्च्यांवर दोन आणि एका स्टुलावर एक अशी सहा वयस्क माणसं बसली होती. एकीच्या डोळ्यावर पट्टी. पेटीवर मांजर झोपली होती, करडी नव्हे, पांढरी आणि पिवळ्या ठिपक्यांची, पण मांजर होती. टेबलाशी उभे राहून एक उंच, किडकिडीत गृहस्थ पुस्तक वाचत होते. दर चार ओळींनी ते थांबत, जोरात शिंकत, "माफ करा" म्हणत, आणि पुढे वाचू लागत.

बाईंनी हळूहळू मान वर केली. छतावर ऊन हलत होतं.

हलत होतं म्हणजे खरोखर हलत होतं. सोनेरी जाळं पसरावं तसं ते छतभर पसरलं होतं, आकसत होतं, पुन्हा फुटत होतं. पट्टीवाल्या आजी आपल्या एका डोळ्याने तिकडेच बघत होत्या. मॅडमही वर बघत होत्या. मग काय झालं कुणास ठाऊक, ते सगळं ऊन एकाएकी खवळलं, थडाथडा भिंतींवर उडालं, आणि काही वेळाने पुन्हा शांत झालं.

"हे काय?" मॅडमनी हळूच विचारलं.

"पंक्चर," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. "ट्यूब बुडवली असेल त्याने. आता जरा वेळ असंच चालेल."

मॅडम खिडकीपाशी गेल्या. बाईही गेल्या. खिडकीखाली शेजारच्या टायरवाल्याचं पाण्याचं टप ठेवलेलं होतं, पंक्चर शोधायला असतं ना, ते. दुपारचं ऊन नेमकं त्याच्यावर पडत होतं. टायरवाल्याने मान वर करून नमस्कार केला आणि ओली ट्यूब झटकली.

मॅडमनी सावकाश मान हलवली. "मी जरा नोंदवह्या बघते," असं म्हणून त्या टेबलाकडे वळल्या. वाचन थांबलं. म्हातारी माणसं आपापसांत कुजबुजू लागली. आणि सतरावाले बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"तुम्ही पत्रकबाई ना?"

बाईंनी नुसती मान हलवली.

"तो बाक आला ना अंकात," सतरावाले खालच्या आवाजात म्हणाले, "तेव्हा मला खूप राग आला होता. वाटलं, आमची थट्टा चाललीय. पत्र लिहायलाच बसलो, की आमच्याकडे बाक नाही, खुलासा छापावा. मग वाटलं, हे पत्र गेलं तर तुमच्यावर येईल. त्यापेक्षा बाक आणणं सोपं."

"बाक माझ्याच घरचा, व्हरांड्यात पडून होता. मांजर जरा जड गेली. मला मांजराने शिंका येतात. सहा महिने लागले मनाची तयारी करायला. वाचन सुरू केलं तेव्हा पहिल्या बुधवारी एकच बाई आल्या, त्याही चुकून. आता हे सहा जण आहेत. कधी आठ होतात." ते थांबले, एकदा शिंकले. "पाण्याचं मात्र तुम्ही जरा जास्तच केलंत. ते वाचून दोन रात्री झोप नाही लागली मला. पाणी कुठून आणू? शेवटी शेजाऱ्याला म्हटलं, बाबा रे, तुझं टप दोन हात इकडे सरकव."

"मला वाटलं, तुमची शाखा बंद करतील," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी लिहायचात, विशेष काही नाही."

"नव्हतंच ना. मला वाटायचं, विशेष म्हणजे कुणी वारलं किंवा कुणाला बक्षीस मिळालं तरच."

"आणि नंतर? बाक आल्यावर तरी लिहायचं."

"ते तुम्ही आधीच छापलेलं असायचं," सतरावाले म्हणाले. "शिळी बातमी कशी कळवणार?"

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्या बाकाच्या टोकाला जाऊन टेकल्या. बाक किंचित डुगडुगला. खाली वाकून पाहिलं, तर एका पायाखाली 'शाखावार्ता'चा घडी घातलेला अंक सारलेला होता. बाईंनी पाठ टेकली आणि वर बघितलं. त्यांनी जे मनात पाहिलं होतं त्याच्याशी इथली एकही वस्तू तंतोतंत जुळत नव्हती. पण आता डोळे मिटून त्यांनी जुनी खोली आठवून पाहिली तर ती दिसेना. हीच दिसत होती, हिरव्या बाकाची, शिंकांची.

दाराशी मामा पेट्या उतरवत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "मामा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"बाक चढवायला मीच हात लावला होता, बाई."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलायला लागलो की तुम्ही आत पळायचात," मामा म्हणाले. "आणि पत्रकात काय येतं ते मला काय ठाऊक? मी पुस्तकं पोचवतो, वाचत नाही."

टेबलाशी मॅडम साहित्याची नोंदवही वाचत होत्या. सतरावाल्यांच्या टपोऱ्या अक्षरात तिच्यात लिहिलेलं होतं, बाक एक, आणि पुढे तारीख. मॅडमनी पिशवीतून 'शाखावार्ता'चा तो जुना अंक काढला आणि तारखेशेजारी तारीख धरली. अंक तीन आठवडे आधीचा होता. बाईंनी हे लांबून पाहिलं. सतरावाल्यांनी बाक आणला, पण तारीख खोटी घातली नव्हती. ते त्यांच्याकडून होण्यासारखंच नव्हतं.

बाई उठल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला एक सांगायचं होतं."

मॅडमनी नोंदवही मिटली. "नका सांगू. सांगितलंत तर मला लिहून घ्यावं लागेल." मग अंक पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुमचं पत्रक जरा लवकर निघतं, एवढंच मला दिसलं." आणि पुन्हा एकदा छताकडे बघून त्या सतरावाल्यांना म्हणाल्या, "वाचा ना पुढे. जहाज निघालं होतं."

परतताना मॅडम मागे पेट्यांमध्ये बसल्या. बाईंना त्यांनी पुढे पाठवलं.

पंधरा दिवसांनी विलीन होणाऱ्या शाखांची यादी आली. सहा नावं होती. त्यांत सतरा नंबर नव्हता. यादी पत्रकात घालायची होती, ती बाईंनीच लिहून काढली. त्या ओलसर चिठ्ठीवाल्या आठ नंबरचं नावही तिच्यात होतं. त्या सहा शाखांतून इमानेइतबारे बातम्या यायच्या, शिक्क्यांच्या, वाळवीच्या, म्हणून बाईंना तिथे स्वतःहून काही लिहायची कधी वेळच आली नव्हती. लिहिलं असतं तर? त्या दिवशी त्या चिठ्ठी हातात घेऊन मनाने आठ नंबरला जायला निघाल्या, पण नळापर्यंतच पोहोचल्या.

महिनाअखेरीच्या खेपेला सतरा नंबरची पेटी आली. वर पिवळी चिठ्ठी होती. बाईंनी सवयीने ती बाजूला ठेवली, मग एकदम पुन्हा उचलली. आज चारही रेघा भरलेल्या होत्या.

'या महिन्यातील विशेष: पत्रकबाई शाखेत येऊन गेल्या. बाकावर अर्धा तास बसल्या. त्या गेल्यापासून वाचक त्यांची चौकशी करतात. ता. क. छापण्यासाठी नाही. पुढे इथे काय ठेवायचं आहे ते यापुढे आधी कळवावं, म्हणजे धावपळ होणार नाही.'

बाईंनी पहिल्या तीन वाक्यांतला काना-मात्राही न बदलता ती पत्रकात घातली. मग चिठ्ठीची घडी करून ती पर्समध्ये ठेवली, आतल्या कप्प्यात. त्या दिवशी त्या खोलीतून पाच मिनिटं आधी निघाल्या.

घरी ताई मटार सोलत बसली होती. बाईंनी चपला काढल्या. ताईने वर न बघताच विचारलं, "काय गं, आज काय विशेष?"

बाई नळाकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. परत येऊन त्यांनी ताईसमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. ताईच्या हातातली शेंग अर्धवट उघडीच राहिली.

"आहे," पत्रकबाई म्हणाल्या. "खूप आहे. अडीच वर्षांचं साठलंय. तुला वेळ आहे का?"

ताईने मटारांची परात बाजूला सारली.